दहा दिवसांचे मौन : पहिल्यांदा शिबिराला जाताना

विपश्यना शिबिराच्या अर्जात एक रकाना असतो. सध्या काही शारीरिक किंवा मानसिक आजार आहे का, पूर्वी कधी होता का, कोणती औषधे चालू आहेत, हे त्यात लिहायचे असते. अनेकांना हा रकाना अडचणीचा वाटतो. ‘खरे लिहिले आणि प्रवेशच मिळाला नाही तर?’ या धास्तीने ‘नाही’ लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. दहा दिवस डोळे मिटून गप्प बसायचे, त्यात धोका तो कसला, असेही वाटते. पण पहिल्यांदा जाणाऱ्याच्या प्रकृतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती असेल, तर हा रकाना खरेपणाने भरणे.

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्यांना ही शिबिरे अनोळखी नाहीत. बोरिवली पश्चिमेला गोराईच्या जेट्टीवरून होडीत बसले की खाडीपलीकडे ग्लोबल विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसतो. यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोडाच्या धर्तीवर बांधलेली ही वास्तू ३०० फुटांहून उंच आहे. आतल्या घुमटाला एकही खांब नाही आणि एका वेळी सुमारे ८,००० माणसे तिथे ध्यानाला बसू शकतात. तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते फेब्रुवारी २००९ मध्ये तिचे उद्घाटन झाले. पॅगोडाला लागूनच ‘धम्म पत्तन’ हे निवासी केंद्र आहे. घाटकोपर-मुलुंडकडच्या मंडळींना कसारा घाट चढून इगतपुरीचे ‘धम्मगिरी’ गाठणे सोयीचे जाते. १९७६ पासून तिथे शिबिरे भरतात आणि देशोदेशीचे लोक तिथे येतात.

थायलंड, बाली किंवा श्रीलंकेतल्या योग-ध्यान सहलींच्या जाहिराती आता मराठी घरांतल्या मोबाइलवरही झळकतात. समुद्रकिनारा, मालिश, फळांचे रस आणि सकाळ-संध्याकाळ आसने, असा त्यांचा थाट असतो. विपश्यनेच्या शिबिरात यातले काहीच नाही. शुल्कही नाही. राहणे-जेवणे आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून चालते आणि दान देता येते तेही शिबिर पूर्ण केल्यावरच. मुलाबाळांकडे अमेरिकेला गेलेल्या मराठी आईवडिलांनी मॅसॅच्युसेट्समधल्या १९८२ पासून चालणाऱ्या ‘धम्म धरा’ केंद्रात नाव नोंदवले, तरी त्यांना गोराईचेच वेळापत्रक पाळावे लागते. म्हणजे ठिकाण कोणतेही असो, पहिल्यांदा जाणाऱ्याचे शरीर आणि मन ज्यातून जाते ते साधारण सारखेच असते. ते आधीच ठाऊक असेल तर पुष्कळ घाबरगुंडी टळते आणि काही खरे धोकेही टळू शकतात.

मायग्रेनचे उदाहरण

या शिबिरांचा जगभर प्रसार करणारे सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ चा, ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. तरुणपणीच व्यापारात नाव कमावलेल्या गोयंकांना मायग्रेनचे तीव्र झटके येत. डोकेदुखी थांबवण्यासाठी त्यांना मॉर्फिन टोचावे लागे आणि त्याचे व्यसन लागण्याची भीती होती. युरोप, अमेरिका आणि जपानमधल्या डॉक्टरांना दाखवूनही उतार पडला नाही. एका मित्राच्या सांगण्यावरून १९५५ मध्ये ते सयाजी उ बा खिन यांच्याकडे गेले. उ बा खिन हे ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल. नोकरी सांभाळून ते विपश्यना शिकवत.

पुढचा तपशील गोयंकांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. डोकेदुखी बरी व्हावी म्हणून आलो, असे म्हणताच उ बा खिन यांनी त्यांना शिबिरात घ्यायला नकार दिला. ही विद्या मन निर्मळ करण्यासाठी आहे, रोगावरचा इलाज म्हणून तिच्याकडे येऊ नका, असे त्यांचे म्हणणे होते. काही महिने विचार करून, तो हेतू बाजूला ठेवून गोयंका परत गेले, तेव्हा त्यांना प्रवेश मिळाला. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले.

गोयंकांचे मायग्रेन गेले, एवढाच भाग बहुतेकांच्या लक्षात राहतो. दारातून परत पाठवल्याचा भाग विसरला जातो. ‘बीपीची गोळी सुटली’, ‘डिप्रेशन दहा दिवसांत पळाले’ अशा ऐकीव गोष्टींवर विसंबून अर्ज भरणाऱ्यांनी हा विसरलेला भाग आधी वाचायला हवा. शिबिर हा औषधोपचाराला पर्याय आहे, असा या परंपरेचाही दावा नव्हता.

पावणेअकरा तासांचा दिवस

शिबिराच्या आदल्या संध्याकाळी मोबाइल, पुस्तके, वही-पेन असे सारे जमा करावे लागते. पुरुषांचा आणि स्त्रियांचा विभाग वेगळा असतो. त्या रात्रीपासून दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत ‘आर्य मौन’ असते. त्यात बोलणे नाही, खाणाखुणा नाहीत, नजरानजरही टाळायची. मात्र साधनेबद्दल सहायक आचार्यांशी आणि अडीअडचणीबद्दल धम्मसेवकांशी बोलता येते. ही सवलत नवख्याच्या मनावर ठसत नाही. मौन म्हणजे दुखले-खुपले तरी सोसायचे, अशी त्याची समजूत होते. ती चुकीची आहे.

पहाटे चारला घंटा होते. साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता. आठ ते अकरा ध्यान, अकराला जेवण, नंतर विश्रांती. एक ते पाच पुन्हा ध्यान. पाचला चहा आणि फळे. ज्यांनी आधी शिबिर केले आहे, त्या जुन्या साधकांना फक्त लिंबूपाणी. सहा ते सात ध्यान, सातनंतर गोयंकांचे ध्वनिमुद्रित प्रवचन, त्यानंतर नऊपर्यंत शेवटची बैठक आणि साडेनऊला दिवे बंद. बैठकांची बेरीज केली तर रोज सुमारे पावणेअकरा तास होतात. घरी कधी दहा मिनिटेही न बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एवढे बसायचे असते.

या काळात योगासने, प्राणायाम, जप, पूजा, उपवास हे सगळे बाजूला ठेवायला सांगतात. मनात एकच पद्धत नीट रुजावी, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे ‘योग शिबिर’ समजून गेलेल्यांची पहिल्या सकाळीच निराशा होते. पाठीच्या दुखण्यासाठी रोज आसने करणाऱ्यांनी दहा दिवसांच्या या खंडाचाही आधी विचार करावा.

दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी

पहिले तीन दिवस ‘आनापान’ असते. नाकाशी येणारा-जाणारा स्वाभाविक श्वास नुसता पाहायचा. तो लांबवायचा नाही, रोखायचा नाही. ऐकायला सोपे, पण चार-पाच श्वासांनंतर मन अंधेरीच्या ऑफिसात, मुलाच्या फीमध्ये किंवा दहा वर्षांपूर्वीच्या भांडणात पोचलेले असते. यात आपलेच काही चुकते आहे, असे नवख्याला वाटते. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २,२५० प्रौढांना दिवसभरात मधूनच मोबाइलवर विचारले जाई, ‘आत्ता मन कुठे आहे?’ सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामाबाहेर भटकत होते आणि भटकत असताना माणसे कमी आनंदी होती. मन एरवीही इतकेच पळत असते, शिबिरात ते पहिल्यांदा पकडले जाते, एवढेच.

दुसरा दिवस अनेकांना जड जातो. डोके ठणकते, चिडचिड होते, बॅग भरून निघून जावेसे वाटते. याचा अर्थ ‘आतला मैल बाहेर पडतो आहे’ असा लावण्याआधी चहाचे कप मोजावेत. दिवसभरात सहा-सात कटिंग किंवा तीन-चार कॉफी घेणारा माणूस अचानक दोन कपांवर आला की कॅफिन कमी झाल्याची लक्षणे दिसतात. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते आणि साधारण एक ते दोन दिवसांत ती शिगेला पोचते. मग आपोआप उतरते. तंबाखू किंवा सिगारेट सोडल्यावरची तगमगही पहिल्या दोन-तीन दिवसांतच सर्वाधिक असते. शिबिरात दोन्ही एकदम होते. उपाय साधा आहे. निघण्यापूर्वी दोन आठवडे चहा-कॉफी हळूहळू कमी करायची आणि तंबाखू सोडायची तयारी घरीच सुरू करायची.

याच दिवसांत पोट साफ न होण्याची तक्रारही वाढते. हालचाल कमी, जेवणाच्या वेळा बदललेल्या आणि पाणी पिण्याचा विसर, ही त्याची कारणे. विश्रांतीच्या वेळात आवारातल्या आवारात चालता येते. ती संधी सोडू नये.

चौथ्या दिवसापासून

चौथ्या दिवशी खरी विपश्यना शिकवतात. डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवावर लक्ष नेत तिथे जाणवणारी संवेदना पाहायची. खाज, उष्णता, ठणका, मुंग्या, जे असेल ते. सुखद संवेदना हवीशी मानायची नाही आणि दुखणे नकोसे मानायचे नाही. याच सुमारास ‘अधिष्ठाना’च्या बैठका सुरू होतात. एक तास हात, पाय किंवा डोळे न उघडता, न हलता बसायचा निर्धार करायचा.

वीस मिनिटांत पाय जड होतो, चाळीस मिनिटांत गुडघा पेटतो. पायाला मुंग्या येण्याचे मुख्य कारण म्हणजे गुडघ्याजवळून आणि मांडीमागून जाणाऱ्या नसांवर पडणारा दाब. मांडी सोडल्यावर काही मिनिटांत संवेदना परत आली तर काळजीचे कारण नाही. पाऊल उचलताना लुळे पडत असेल, बधिरपणा तासन्‌तास टिकत असेल किंवा एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखत असेल, तर मात्र तो निर्धाराचा विषय राहत नाही. लगेच सांगायला हवे. गुडघ्याची झीज, मणक्याचा त्रास किंवा वय असेल तर खुर्ची मिळते. खुर्चीवर बसल्याने साधना कमी प्रतीची होत नाही.

दुखणे पाहत राहिल्याने दुखणे कमी होते का? अमेरिकेत फादेल झैदान आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १५ निरोगी व्यक्तींवर प्रयोग केला. रोज २० मिनिटे, असे फक्त चार दिवस त्यांना श्वासावर लक्ष ठेवायला शिकवले. त्यानंतर पायाला दिलेल्या उष्णतेच्या चटक्यांची तीव्रता त्यांना सुमारे ४० टक्क्यांनी आणि त्रासदायकता ५७ टक्क्यांनी कमी वाटली. त्रासदायकता जास्त कमी झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दुखणे आणि दुखण्याचा जाच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सरावाने त्यांच्यात थोडे अंतर पाडता येते, असा त्याचा अर्थ. शरीरातली नैसर्गिक अफूसदृश द्रव्ये रोखून धरणारे औषध देऊनही हा परिणाम टिकतो, असे याच गटाला २०१६ मध्ये आढळले. म्हणजे ध्यानाची वाट मॉर्फिनच्या वाटेपेक्षा वेगळी असावी. अर्थात हे प्रयोग काही मिनिटांच्या चटक्यांवरचे आहेत. वर्षानुवर्षांच्या संधिवाताला हे आकडे लावता येत नाहीत.

पाचव्या ते आठव्या दिवसांत मनाच्या तळाशी गेलेले वर येते. कुणाला रडू कोसळते, कुणाला विलक्षण स्पष्ट स्वप्ने पडतात, कुणाला वारलेल्या वडिलांची आठवण दिवसभर सोडत नाही. बाहेरचे बोलणे, पडदे, बातम्या बंद झाल्यावर लक्ष आत वळते, त्यामुळे यात नवल नाही. बहुतेकांच्या बाबतीत हे येते आणि ओसरते. काहींच्या बाबतीत ओसरत नाही. तिथे शिबिराची दुसरी बाजू सुरू होते.

ज्याविषयी कमी बोलले जाते

ध्यानाचे दुष्परिणाम हा शब्दप्रयोगच अनेकांना खटकतो. पण ज्या गोष्टीचा मनावर परिणाम होतो, तिचा दुष्परिणामही संभवतो. २०२० मध्ये या विषयावरच्या ८३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत मिळून ६,७०३ व्यक्ती होत्या. त्यांतल्या सुमारे ८ टक्के व्यक्तींना काही ना काही अनिष्ट अनुभव आल्याची नोंद होती. चिंता आणि नैराश्याच्या तक्रारी त्यांत सर्वाधिक होत्या. मानसोपचारातही साधारण असेच प्रमाण दिसते, असे आढावा घेणाऱ्यांनी नोंदवले.

नियमित ध्यान करणाऱ्या १,२३२ जणांच्या २०१९ मधल्या सर्वेक्षणात सुमारे चौथ्या हिश्शाने भीती, विकृत भावना किंवा जग खरे न वाटणे असे अप्रिय अनुभव आल्याचे सांगितले. निवासी शिबिर केलेल्यांत हे प्रमाण अधिक होते. १९९२ मधल्या एका छोट्या अभ्यासात विपश्यना शिबिरांना जाणाऱ्या २७ जणांपैकी १७ जणांनी किमान एक त्रास नोंदवला, तर दोघांचा त्रास गंभीर होता. त्याच लोकांनी फायदेही भरपूर सांगितले होते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या विलोबी ब्रिटन आणि जेरेड लिंडाल यांनी २०१७ मध्ये ध्यान करणाऱ्यांच्या आणि ते शिकवणाऱ्यांच्या प्रदीर्घ मुलाखतींवरून अशा अनुभवांची वर्गवारीच केली. झोप उडण्यापासून भ्रम होण्यापर्यंतचे अनुभव त्यात आहेत.

या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही, पण कुणाला धोका जास्त, हे समजून घेणे गरजेचे आहे. बायपोलर विकारात अपुरी झोप हीच उन्मादाची ठिणगी ठरू शकते. शिबिरात झोपेला जेमतेम साडेसहा तास मिळतात आणि अनेकांना तेवढीही लागत नाही. स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात स्किझोफ्रेनियासारखा आजार, नुकताच झालेला मोठा आघात, अलीकडे आलेले आत्महत्येचे विचार, अशी पार्श्वभूमी असेल तर दहा दिवसांच्या एकांतात आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारूनच उतरावे. गंभीर मानसिक विकार असलेल्यांनी हे शिबिर करू नये, असे शिबिराच्या नियमावलीतही सुचवलेले असते. पण नियम लागू होण्यासाठी आजार कागदावर यावा लागतो. तिथे काम पाहणारे आचार्य आणि सेवक डॉक्टर नसतात. अर्जात जे लिहिले, तेवढेच त्यांना ठाऊक असते.

गोळ्या, साखर आणि रात्रीचे तेरा तास

सर्वांत घातक चूक म्हणजे ‘आता ध्यान करणार, मग गोळ्या कशाला’ म्हणून औषध परस्पर थांबवणे. नैराश्यावरची अनेक औषधे एकदम बंद केली की दोन-चार दिवसांत चक्कर, अस्वस्थता, मळमळ, विजेचा झटका बसल्यासारखी जाणीव आणि निद्रानाश सुरू होऊ शकतो. घरी असे झाले तर माणूस डॉक्टरांना फोन करतो. मौनात बसलेला माणूस त्यालाच साधनेचा अनुभव समजू शकतो. फिट्स, थायरॉइड, रक्तदाब आणि हृदयाच्या औषधांनाही हाच नियम लागू. लिथियम घेणाऱ्यांनी पाणी कमी पडू देऊ नये, कारण शरीरातले पाणी कमी झाल्यास रक्तातली लिथियमची पातळी धोकादायक होऊ शकते.

मधुमेहींसाठी वेळापत्रकाचे गणित महत्त्वाचे आहे. मुख्य जेवण सकाळी अकराला, संध्याकाळी पाचला फळे आणि चहा, त्यानंतर दुसऱ्या दिवशी साडेसहाच्या नाश्त्यापर्यंत साडेतेरा तास काही नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या रोजच्याच प्रमाणात घेतल्या, तर रात्री साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. शिवाय घाम, थरथर, धडधड ही साखर उतरल्याची लक्षणे ध्यानातल्या संवेदना वाटून दुर्लक्षिली जाण्याची भीती असते. म्हणून जाण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा आणि मात्रा या वेळापत्रकाप्रमाणे लिहून घ्याव्यात आणि रात्रीच्या खाण्याची गरज अर्जातच कळवावी. ग्लुकोमीटर आणि साखर जवळ ठेवण्याचीही आधीच परवानगी घ्यावी.

फायदा होतो, पण कशाचा?

ध्यानाच्या उपयोगाबद्दलचे बरेचसे चांगले संशोधन दहा दिवसांच्या शिबिरांवर झालेलेच नाही. ते झाले आहे आठ आठवड्यांच्या एका अभ्यासक्रमावर. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात बौद्ध ध्यानपद्धतींच्या आधारे तो सुरू केला. आठवड्यातून एक वर्ग, घरी रोज पाऊण तास सराव आणि शेवटाकडे एक दिवस मौन, असे त्याचे स्वरूप असते.

ध्यान कार्यक्रमांच्या ४७ चाचण्यांचा आढावा २०१४ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत माफक सुधारणा दिसली. औषधे, व्यायाम किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. २०२२ मध्ये चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत हा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम एस्सिटालोप्राम या नेहमीच्या औषधाच्या तोडीस तोड ठरला. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या २१८ जणांवरच्या अभ्यासात आठ आठवड्यांनंतर मेंदूच्या रचनेत मोजता येईल असा बदल आढळला नाही. ‘ध्यानाने मेंदू बदलतो’ ही समाजमाध्यमांवरची घोषणा त्यामुळे जपूनच घ्यावी.

शिबिराला जाणाऱ्यांच्या सर्वांत उपयोगाचा अभ्यास २०१६ मधला आहे. कॅलिफोर्नियातल्या एका निवासी केंद्रात ९४ स्त्रिया सहा दिवस राहिल्या. ध्यान न करणाऱ्यांपैकी काही जणींना चिठ्ठ्या टाकून ध्यान शिबिरात घातले, काही जणींनी त्याच ठिकाणी नुसती सुट्टी घालवली. तिसरा गट नियमित ध्यान करणाऱ्यांचा होता. सहा दिवसांनंतर तिन्ही गटांना बरे वाटत होते आणि ताणाशी संबंधित काही जनुकांच्या कामातही तिन्हींत बदल दिसला. म्हणजे सुरुवातीचा टवटवीतपणा बराचसा घर, ऑफिस आणि फोनपासून सुटल्याचा होता. फरक दिसला दहा महिन्यांनी. ध्यान शिकलेल्या नवख्या स्त्रियांत नैराश्याची लक्षणे सुट्टी घालवणाऱ्यांपेक्षा कमी राहिली होती.

अकरावा दिवस

दहाव्या दिवशी मौन सुटते. सगळे एकदम बोलू लागतात आणि आवाज कानाला टोचतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिर संपते आणि दुपारी तोच माणूस बोरिवली किंवा घाटकोपरच्या फलाटावर उभा असतो. गर्दी अंगावर येते, दिवे भगभगीत वाटतात. घरी तोंड मिटून बसल्याने घरचे काळजीत पडतात. शक्य असेल तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ नये. पहिल्या आठवड्यात मन हलके आणि आत्मविश्वास दांडगा असतो. नोकरी सोडणे, नाते तोडणे, गोळ्या बंद करणे असे निर्णय त्या भरात घेऊ नयेत. महिन्याभराने ते तेवढेच योग्य वाटले तर घ्यावेत.

शिबिरात सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगितलेले असते. विरारहून चर्चगेटला जाऊन-येऊन चार तास घालवणाऱ्याला ते जमतेच असे नाही आणि जमले नाही की अपराधी वाटून सगळेच सुटते. त्यापेक्षा वीस मिनिटे का होईना, पण ठरल्या वेळी रोज बसावे. वर सांगितलेल्या अभ्यासक्रमातही रोजचा सराव हा उपचाराचा गाभाच आहे. मुंबईत जुन्या साधकांच्या सामूहिक बैठका भरतात. एकट्याने बसणे जमत नसेल तर त्यांचा आधार घेता येतो. आणि दहा दिवस झेपतील का, अशी शंका असेल तर आधी गोराईच्या पॅगोडात जाऊन आनापानाची तोंडओळख करून घ्यावी, महिनाभर घरी करून पाहावे, मग अर्ज भरावा.

अर्ज भरण्यापूर्वी

• आजार आणि औषधांचा रकाना खरा भरावा. पूर्वीचा मानसिक आजार, रुग्णालयात राहावे लागले असल्यास तेही लिहावे. प्रवेश पुढे ढकलला गेला तर तो नकार स्वतःच्या हिताचा समजावा.

• नेहमीच्या डॉक्टरांना वेळापत्रक दाखवून गोळ्यांच्या वेळा लिहून घ्याव्यात. बारा दिवसांची औषधे आणि चिठ्ठी सोबत ठेवावी. कोणतेही औषध आपणहून बंद करू नये.

• नुकताच जवळच्या माणसाचा मृत्यू, घटस्फोट किंवा औषधात मोठा बदल झाला असेल तर काही महिने थांबावे.

• दोन आठवडे आधीपासून चहा-कॉफी कमी करावी, लवकर झोपायची सवय लावावी, जमिनीवर बसण्याचा सराव करावा.

• शिबिरात दोन रात्री अजिबात झोप न लागता उलट अंगात जोर आल्यासारखे वाटणे, नसलेले आवाज ऐकू येणे, आजूबाजूच्यांबद्दल संशय, जग खरे न वाटणे, जीव द्यावासा वाटणे, छातीत दुखणे, यांपैकी काहीही झाले तर मौन बाजूला ठेवून लगेच आचार्यांना किंवा सेवकांना सांगावे. अशा वेळी शिबिर अर्धे सोडून घरी येणे हा पराभव नव्हे.

• घरच्यांना केंद्राचा संपर्क क्रमांक देऊन ठेवावा. परतल्यावर आठवडाभरानेही झोप, भूक किंवा वागणे नेहमीसारखे झाले नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीतही बोलता येते.